रंगभूमीकडून रुपेरी पडद्याकडे : गोविंदराव टेंबे यांची कारकीर्द

जुन्या नाट्यपदांची एखादी तबकडी घरात उरली असेल, तर तिच्या मध्यावरची कागदी चकती श्रोत्यांनी एकदा नीट वाचून पाहावी. गाणाऱ्याचे नाव तेथे ठळक असते. नाटकाचे नाव असते, पदाचे पहिले शब्द असतात, पुष्कळदा रागाचेही नाव असते. ही चाल बांधली कोणी, एवढे मात्र बहुधा नसते. आमच्या घरी अशा काही तबकड्या होत्या. वडीलधारी मंडळी त्या ऐकताना गायकाला दाद देत, नाटककाराची आठवण काढीत, प्रसंगी सारंगीवाल्यालाही ‘वाहवा’ म्हणत. चाल मात्र जणू आकाशातून पडली असावी, अशाच भावनेने सर्वजण ऐकत असत.

आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, ते गोविंद सदाशिव टेंबे हे असेच चाली बांधणारे गृहस्थ. पेटीवादक, नाटक मंडळीचे भागीदार आणि मालक, नट, नाटककार, लेखक अशी त्यांची कलेशी अनेक नाती जडली होती. ती सर्व सांगू लागलो तर चरित्र होईल, आणि तो आजचा हेतू नाही. त्यांच्या आयुष्यातील एक योग आम्हांस विलक्षण वाटतो, तेवढाच श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे. १९११ साली ‘मानापमाना’च्या चालींनी गोविंदरावांनी मराठी नाट्यसंगीताला नवे तारुण्य दिले. पुढे एकवीस वर्षांनी, १९३२ साली, मराठीतला पहिला बोलपट म्हणून ओळखला जाणारा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. त्याचे संगीत गोविंदरावांचे आणि त्यातला हरिश्चंद्रही गोविंदरावच. म्हणजे ज्यांनी संगीत रंगभूमी वैभवाला चढवली, तेच तिला ओस पाडणाऱ्या नव्या खेळाच्या स्वागताला दाराशी उभे! यावरून दोन आक्षेप सहज मनात येतात. पहिला असा की, गोड चाली देऊन त्यांनी नाटकाची मैफल केली. दुसरा असा की, नाटकाला वाईट दिवस येऊ लागताच ते पडद्याकडे गेले. हे आक्षेप कितपत खरे आहेत, याचा विचार आज करू.

त्यापूर्वी गोविंदरावांच्या आधी नाटकात चाली कोठून येत, हे पाहिले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला आणि १८८२ साली ‘सौभद्र’ आले. या नाटकांत पदांची संख्या शंभराच्या वर. साकी, दिंडी, ओवी, कामदा, लावणी, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकातून आलेल्या चाली, असा तो सगळा घरचा शिधा होता. नाटककार स्वतः गाण्याचा जाणकार असे. ओळखीची चाल तो घेई आणि तिच्यावर आपले शब्द बसवी. जुन्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात, त्याचे कारण हेच. पद हा संभाषणाचाच एक भाग होता. पात्र बोलता बोलता गाऊ लागे आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर येई. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरच्या नव्या धर्तीच्या चाली आणून या शिध्यात भर घातली, तर देवलांनी ‘शारदे’त (१८९९) पुन्हा साध्या, घरगुती चालींची वाट धरली. परंतु चाली देणारा म्हणून कोणी निराळा माणूस असावा, आणि कोणते पात्र कसे गाईल याचा विचार त्याने सबंध नाटक डोळ्यांपुढे ठेवून करावा, ही कल्पना अजून रुजली नव्हती.

तो निराळा माणूस कोल्हापूरने दिला. गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी झाला. त्यांच्या तारुण्यात शाहू छत्रपतींच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे गाण्याचे पीठच बनले होते. अल्लादियाखाँसाहेब दरबारी होते. देवल क्लबात बैठकी होत आणि ऐकणारे असे होते की, गवयाला तेथे गाताना सावध राहावे लागे. गोविंदराव या हवेत वाढले. पेटी ते मुख्यतः स्वतःच शिकले. गाण्यातले ऋण मात्र ते भास्करबुवा बखले यांचे मानीत. बुवांनी फैजमहंमदखाँ, नथ्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तिघा थोरांची विद्या पचवली होती, आणि अशा गवयाच्या मागे बसून पेटीची साथ करणे ही स्वतःच एक शाळा होती.

साथीदाराचा धर्म काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. कारण गोविंदरावांच्या पुढच्या कर्तृत्वाचे बीज आमच्या मते तेथे आहे. साथीदार गवयाच्या अर्धे पाऊल मागे चालतो. गवयाचा श्वास कोठे संपतो, गळा कोणत्या स्वरावर फुलतो, कोणत्या जागेवर तो अडखळतो आणि कोणत्या हरकतीने ते अडखळणे झाकतो, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. शिवाय पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुतींची नाजूक चढउतार साधत नाही. अशा अडेल वाद्यातून गाण्याचा भास निर्माण करावयाचा, तर कोणता स्वर घ्यावा यापेक्षा कोणता टाळावा याचा विवेक अधिक लागतो. गोविंदरावांच्या बोटांखाली पेटी गाते, असे त्यांना ऐकलेली पिढी सांगत असे. दुसऱ्याचा गळा ओळखणे आणि नको ते वगळणे, या दोन गुणांची चाली बांधणाऱ्यालाही तितकीच गरज असते.

या गुणांची परीक्षा ‘मानापमाना’त झाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’च्या परंपरेतले लेखक. त्यांची त्यापूर्वीची नाटके गद्य होती आणि ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. त्यानंतर त्यांनी किर्लोस्कर मंडळींसाठी पहिले संगीत नाटक लिहिले आणि चालींचे काम गोविंदरावांकडे आले. तेव्हा गोविंदराव तिशीच्या उंबरठ्यावर होते. पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईस झाला. बालगंधर्व भामिनी, नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि ते दुःख गिळून ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकिकत मराठी माणसाच्या परिचयाची आहे. परंतु त्या रात्री जी पदे त्यांच्या मुखातून बाहेर पडली, ती त्यांच्याच गळ्याचे माप घेऊन कोणी बेतली होती, हे आम्ही फारसे कधी विचारीत नाही.

नवे काय होते? गोविंदरावांनी या चालींसाठी उत्तरेकडचा खजिना उघडला. ठुमरी, दादरा, कजरी, गझल हे प्रकार महाराष्ट्रात बैठकीतून आणि नव्या ग्रामोफोनमधून ऐकू येऊ लागले होते. त्यांचा लडिवाळपणा गोविंदरावांनी रंगमंचावर आणला. या चाली त्यांनी शून्यातून निर्माण केल्या असे मात्र कोणी समजू नये. त्या काळी चाल आधी ठरे आणि शब्द तिच्या मापाने बसवले जात, अशीच बहुधा रीत होती. गोविंदरावांचे कर्तृत्व निवडीत आणि बेतण्यात होते. शिंप्याने कापड विणले नाही म्हणून अंगरखा त्याचा नव्हे, असे आम्ही म्हणत नाही.

हे बेतणे कसे होते, ते कथेवरून समजते. श्रीमंत बापाची मानी मुलगी भामिनी गरीब पण शूर धैर्यधराला तुच्छ लेखते. तो अपमानाने पेटतो. पुढे तीच वनमाला नावाने, साध्या वेषात, त्याच्या सहवासात येते आणि त्याच्यावर अनुरक्त होते. म्हणजे एकाच गळ्याने आधी गर्व गावयाचा आणि मग मार्दव. ठुमरीच्या अंगाची चाल या दुसऱ्या कामास फार सोयीची असते, कारण तिच्यात एकच शब्द निरनिराळ्या भावांनी आळवता येतो. धैर्यधराच्या पदांना वीरश्री हवी. तेथे चाल सरळ, ठसठशीत आणि लयीत चालणारी हवी. पात्रापात्राची चाल अशी निराळी झाली आणि शिवाय पदेही जुन्या नाटकांच्या मानाने कितीतरी कमी झाली. शंभर पदे असली की चाल लक्षात राहत नाही, नाटक लक्षात राहते. पदे कमी झाली, प्रत्येक पद मोहक झाले, आणि प्रेक्षक घरी जाताना नाटकाइतकीच चालही बरोबर नेऊ लागला.

यानंतर गोविंदराव व्यवसायात उतरले. ५ जुलै १९१३ रोजी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. बालगंधर्व, बोडस आणि टेंबे हे तिचे तीन भागीदार. येथे गोविंदरावांनी स्वतः तोंडाला रंगही लावला. परंतु ही भागीदारी फार काळ चालली नाही. १९१५ च्या सुमारास ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. तिच्यात ते मालक, नट आणि चाली देणारे सर्व काही होते. ‘पटवर्धन’ हे नाटकही त्यांनी लिहिले. पण गंधर्व मंडळींसारखे वैभव या मंडळीच्या वाट्याला आले नाही. नाटक मंडळी चालवणे म्हणजे एक फिरता संसारच असतो. नट, साथीदार, आचारी, गडी, पडदे, कपडे आणि बिऱ्हाडांची भाडी यांचा मेळ रोज घालावा लागतो. स्वर जुळवणाऱ्याला हा मेळ जुळेलच असे नाही. गोविंदरावांच्या आयुष्यातील ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. उलट, पुढे त्यांनी पडद्याची वाट का धरली हे समजण्यास ती उपयोगी पडते.

आता पहिला आक्षेप. ‘मानापमाना’च्या यशानंतर नाट्यपद स्वतंत्रपणे मिरवू लागले, हे खरे आहे. पद संपताच ‘वन्समोअर’चा पुकारा होई आणि नट तेच पद पुन्हा, निराळ्या नटाईने गाई. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही गाई. प्रियकर वियोगाने व्याकूळ झालेला असताना प्रेयसी तानेवर तान घेत आहे आणि तो बापडा बाजूला उभा राहून मान डोलावीत आहे, हे दृश्य नवे राहिले नाही. प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. कथानकाची वीण सैल झाली, गद्य भाग पदांमधला पूल एवढाच उरला. यात नाटकाचे नुकसान झाले, हे संगीताच्या प्रेमिकांनीही मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

पण याचे पाप एकट्या गोविंदरावांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ‘मानापमाना’तल्या त्यांच्या चाली मुळात आटोपशीर आहेत, त्यांचा डौल शब्दांच्या उच्चारावर उभा आहे, रागाच्या विस्तारावर नव्हे. रागदारीचा भरदार विस्तार नाट्यपदात आला तो मुख्यतः पुढे. १९१६ साली गंधर्व मंडळींनी ‘स्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्याच्या चाली भास्करबुवांच्या. ख्यालाच्या बंदिशींचे तेज त्या पदांत उतरले आणि एकेक पद म्हणजे छोटी मैफल झाली. दुसऱ्या बाजूस रामकृष्णबुवा वझ्यांसारखे कसलेले गवई ललितकलादर्शासाठी चाली देऊ लागले. या थोरांनी नाट्यसंगीताला दिलेली श्रीमंती आम्ही कमी लेखीत नाही. सर्वसामान्य माणसाच्या कानाला राग ओळखीचे झाले ते या पदांमुळेच, आणि एखाद्या तालुक्याच्या गावी ज्याने कधी मैफल ऐकली नाही, तोही भीमपलास गुणगुणू लागला. परंतु नाटकाचे गाणे कोठे संपते आणि गाण्याचे नाटक कोठे सुरू होते, ही सीमा पुसली गेली ती सर्वांनी मिळून पुसली. त्यात गवई होते, नट होते, मंडळ्यांचे मालक होते आणि सर्वांत मोठे वाटेकरी तर आम्ही प्रेक्षकच होतो. वन्समोअर काही गोविंदरावांनी मागितला नव्हता.

या वैभवाचे शिखर म्हणून ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’चा उल्लेख नेहमी होतो. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस बालीवाला नाटकगृहात हा प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि ललितकलादर्शाचे केशवराव भोसले यांचा धैर्यधर, असे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर आले. उत्तम आसनाचे तिकीट शंभर रुपये होते. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. या प्रयोगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस त्यातली एकच गोष्ट नोंदवावीशी वाटते. दहा वर्षांत नट बदलले, मंडळ्या बदलल्या, तरी दोन सर्वस्वी भिन्न गळ्यांना त्याच चाली पुरून उरल्या. चालीची कसोटी यापेक्षा निराळी ती कोणती?

शिखरानंतर उतार येतो. भरजरी पडदे आणि खरे दागिने यांच्या खर्चाने गंधर्व मंडळी कर्जात बुडत चालली होती. अशात १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि चित्रे बोलू-गाऊ लागली. नाटक मंडळी गावात यावयाची तर शंभर माणसांचे बिऱ्हाड यावे लागे. बोलपट आणावयाचा तर पत्र्याच्या काही डब्यांत तो येई आणि एकाच दिवशी दहा गावांत दाखवता येई. तिकीट स्वस्त. हिशेबाच्या या कोष्टकापुढे नाट्यकलेचे काही चालण्यासारखे नव्हते. एकामागून एक नाटकगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली.

कोल्हापुरात १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली होती. मूकपटांनंतर त्यांनी बोलपट करावयाचे ठरवले, तेव्हा संगीतासाठी त्यांची नजर आपल्याच गावच्या गोविंदरावांकडे गेली. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. गोविंदराव तेव्हा पन्नाशीचे. ज्या वयात नट विंगेतल्या खुर्चीकडे वळतो, त्या वयात ते नव्या यंत्रापुढे राजा हरिश्चंद्र म्हणून उभे राहिले. तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे.

यंत्रापुढे गाणे म्हणजे काय, याची कल्पना आज सहजी येत नाही. दुसऱ्याने गायचे आणि नटाने ओठ हलवायचे, ही सोय आपल्याकडे १९३५ च्या सुमारास आली. त्यापूर्वी चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपले जात. नटाने अभिनय करीत स्वतःच गावयाचे. साथीदारांनी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, कोठे आडोशाला बसावयाचे. कोणाची एक खोक निघाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपते, तेव्हा गाण्याने पाय पसरावे तरी कोठे? रंगमंचावरचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी घडवलेला असे. उंच पट्टी, मोकळा आकार. ध्वनिग्राहकाला ती फेक नको असते. त्याच्याजवळ हळू बोललेलेही पुरते. शिवाय चाल एक आणि भाषा दोन. मराठीच्या मापाची चाल हिंदी शब्दांना कोठे सैल होई तर कोठे घट्ट. आणि दुर्गाबाई काही नाटक मंडळीत तयार झालेल्या गायिका नव्हत्या. सुशिक्षित घरातल्या, रंगमंचाचा सराव नसलेल्या या स्त्रीकडून गोविंदरावांनी पदे बसवून घेतली. साथीदाराचा जुना धर्म येथे कामास आला. गळा पाहावा आणि त्याच्या मापाचे गाणे द्यावे, ही त्यांची विद्या पडद्यावरही उपयोगी पडली.

या बोलपटांतील पदांवर ठसा नाट्यसंगीताचाच होता, हे खरे. पण त्यांत एक मोठा फरक नकळत घडून आला, आणि आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. पडद्याला वन्समोअर देता येत नाही! प्रेक्षकांनी कितीही टाळ्या पिटल्या तरी हरिश्चंद्र मागे वळत नाही. रीळ पुढेच जाते. चालीला जे काही सांगावयाचे ते एकदाच, मोजक्या वेळात, कथेच्या ओघात सांगावे लागते. म्हणजे ज्या रोगाबद्दल गोविंदरावांना दोष द्यावयाचा, त्याच रोगावरचा उतारा त्यांनी घेतलेल्या या नव्या वाटेत होता. १९३२ आणि १९३३ या दोन वर्षांत ‘अग्निकंकण’, ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’, ‘सैरंध्री’ अशा प्रभातच्या चित्रांना त्यांनी संगीत दिले; ‘माया मच्छिंद्रा’त मच्छिंद्रनाथही तेच झाले. पुढे बाबूराव पेंटरांच्या ‘प्रतिभा’लाही (१९३७) त्यांचे संगीत होते.

१९३३ साली प्रभातने कोल्हापूर सोडून पुणे गाठले आणि तेथे संगीताची सूत्रे केशवराव भोळे यांच्याकडे गेली. हा बदल बोलका आहे. त्याच वर्षी १ जुलै रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. त्याची मोजकी, भावगीताच्या वळणाची पदे केशवरावांनीच बांधलेली होती. चाल लहान असावी, शब्द प्रथम ऐकू यावा, हा नवा विचार नाटकात आणि पडद्यावर एकाच माणसाकडून आला. ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) यांतून तो सिद्धीस गेला. १९३५ साली तर खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले आणि त्यांच्या पदांना चाली दिल्या भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनी. म्हणजे दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर काळानेच दिले. रंगभूमी सोडून पडद्याकडे गेले ते एकटे गोविंदराव नव्हते. सगळे बिऱ्हाडच तिकडे निघाले होते. गोविंदराव फक्त पहिल्या गाडीत बसले. आणि ते रिकाम्या हाताने गेले नाहीत, रंगभूमीची विद्या बरोबर घेऊन गेले. मराठी बोलपटाचे गाणे पहिल्यापासून शब्दाला आणि प्रसंगाला धरून राहिले, त्यामागे ही शिदोरी होती.

उत्तरायुष्यात त्यांच्या वाट्याला एक चमत्कारिक गोष्ट आली. ज्या पेटीने त्यांना नाव दिले, तिला १९४० साली सरकारी नभोवाणीने आपल्या केंद्रांवरून हद्दपार केले. परदेशी वाद्य, ठरलेल्या पट्ट्या, भारतीय स्वराला न मानवणारी, अशी कारणे होती. ती बंदी काही अंशी सैल झाली ती १९७१ साली, म्हणजे गोविंदरावांच्या मागे सोळा वर्षांनी. त्यांनी मात्र लेखणी हाती धरली होती. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) आणि ‘माझा जीवनविहार’ (१९४८) या त्यांच्या पुस्तकांत त्या काळचे गवई, बैठकी आणि नाटक मंडळ्या आजही भेटतात. अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रही त्यांनी लिहिले. ज्यांच्याकडून आपण ऐकून शिकलो, त्यांची नावे पुसली जाऊ नयेत, ही कळकळ त्या लेखनात आहे. ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ अशा संगीतिकांतून गाण्यातूनच कथा सांगण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. पद नाटकाला जड होते, तर सबंध नाटकच गाण्याचे करून पाहावे, असा हा विचार दिसतो. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले.

श्रोतेहो, आम्ही सुरुवातीस दोन आक्षेप मांडले होते. त्यांतला पहिला अर्धा खरा आहे. गोविंदरावांनी चालीला जी मोहिनी दिली, तिने नाटक झाकोळले, पण ते झाकोळू देणारे आमचेच कान होते. दुसरा आम्हांस खरा वाटत नाही. जो कारागीर जागा बदलताच आपले माप बदलतो आणि विद्या मात्र तीच ठेवतो, त्याला पळून गेलेला म्हणत नाहीत. बैठकीतून नाटकात आणि नाटकातून पडद्यावर अशी दोनदा गाण्याने घरे बदलली. दोन्ही वेळा उंबरठ्यावर हा एकच माणूस उभा होता. त्याने मागच्या घरातले काय न्यावे आणि काय ठेवून द्यावे, हे सांगितले.

‘मानापमाना’तली पदे आजही गायली जातात. गावोगावच्या उत्सवांत, शाळांच्या स्पर्धांत, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत ती निवेदनासह सादर होतात. निवेदक नाटकाचे नाव सांगतो, बालगंधर्वांचे नाव भक्तीने घेतो, आणि मग गाणे सुरू होते. आमची आयोजकांना आणि गाणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, त्या निवेदनात आणखी एक नाव घालावे. त्याला चार शब्दांहून अधिक वेळ लागणार नाही. तबकडीवरच्या त्या कागदी चकतीवर जी जागा रिकामी राहिली, ती आता छापून भरता येणार नाही. पण बोलून भरता येईल. तेवढे आपल्या हाती आहे.